चिबड रान: पाणी येतंय कुठनं आणि अडतंय कुठं



आज जरा लांबलचक लिहितोय. उजनीच्या फुगवट्याला लागून ज्यांची काळी, चिकट, पाणी धरून बसणारी रानं आहेत, त्यांच्यासाठी हे आहे. माळावरच्या मुरमाड रानवाल्यांनी मधला भाग सोडून दिला तरी चालेल, पण गाळाबद्दल जे लिहिलंय ते मात्र वाचा. ते तुमच्या कामाचं आहे.

विषय घरातलाच निघाला. आमच्या थोरल्या दादांचा पोरगा पुण्यातली नोकरी सोडून दसऱ्याला कायमचा गावी आला. जवळ साठवलेले चार लाख रुपये. दादांच्या वाट्याची काठालगतची तीन एकर पट्टी सुधारायची आणि सगळीकडं आडसाली ऊस लावायचा, असं त्याच्या डोक्यात. मोबाईलवर त्यानं शिरोळ भागातल्या निचरा प्रणालीचे व्हिडिओ पाहिले होते. जमिनीत भोकाच्या नळ्या गाडायच्या, पाणी बाहेर काढायचं, की चिबड रान पुन्हा पिकतं. व्हिडिओ खोटे नाहीत. कृष्णाकाठच्या चोपण-चिबड जमिनींवर कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रानं बरंच काम केलंय आणि शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन शेकडो एकर रान परत आणलंय. पण तिथलं औषध आमच्या पट्टीला लागू पडेल का, हा प्रश्न होता. चार लाख जमिनीत गाडून झाल्यावर ते विचारण्यात अर्थ नाही.

पहिल्यांदा रान कसं आहे ते सांगतो.

वरनं बघितलं तर भारी काळी, कोणीही म्हणेल सोन्यासारखी जमीन. उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात कोपरापर्यंत हात जातो. वरचा चार बोटं थर वाळला की आपोआप भुरभुरीत होतो, जणू कोणी कुळव मारलाय. हे सगळं चांगल्या काळ्या रानाचं लक्षण. फरक कळतो खड्डा घेतल्यावर. मी प्रत्येकाला सांगतो, माती परीक्षणाचा कागद आणा, पण त्याआधी साडेतीन-चार फुटांचा एक खड्डा घ्या आणि आत उतरा.

आमच्या खड्ड्यात पहिला फूटभर माती काळी, रवाळ. त्याच्या खाली दीड-दोन फुटांवर ती आवळत जाते. ढेकूळ फोडलं की आतले पृष्ठभाग घासल्यासारखे चकचकीत दिसतात. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि फुगताना एक थर दुसऱ्यावर घासतो, त्याची ती चकाकी. हेही सगळ्या भारी काळ्या रानात असतं, त्यानं घाबरायचं नाही. घाबरायचं त्याच्या खाली. अडीच फुटांच्या पुढं काळा रंग जाऊन राखाडी, थोडा हिरवट झाक मारणारा रंग येतो. हातात घेतली तर लोण्यासारखी चिकट, आणि नाकाजवळ नेली तर गटारीसारखा, सडक्या अंड्यासारखा वास. जुन्या मुळ्या कुजून ज्या बारीक नळ्या राहिल्यात, त्यांच्या कडेनं गंजाच्या तांबड्या रेषा. मधेमधे चुनखडीचे पांढरे खडे.

ती राखाडी माती आणि तो गंज नीट वाचता आला पाहिजे. मातीतलं लोह हवेत असलं की तांबडं-तपकिरी राहतं. पाण्यात बरेच दिवस बुडून हवा संपली की त्याचं रूप बदलतं, ते विरघळतं आणि माती राखाडी पडते. पुन्हा जिथं हवा पोचते, म्हणजे मुळ्यांच्या नळ्यांत आणि भेगांत, तिथं ते परत गंजतं. म्हणून गंजाच्या रेषा जिथं सुरू होतात, तिथपर्यंत पाणी वर्षात कधीतरी येऊन बसतं आणि परत जातं. आणि जिथनं खाली अखंड राखाडी आणि वास आहे, तिथलं पाणी फारसं हलतच नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा, काळ्या रानात हे ठिपके तांबड्या मातीइतके ठळक दिसत नाहीत. ढेकूळ फोडून, सावलीत धरून बघावं लागतं. वरवर बघणारा "काळीच तर आहे" म्हणून खड्डा बुजवून मोकळा होतो.

पुतण्याला मी खड्ड्यात उतरवलं. वास घेतल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो बरोबर होता. "काका, हे धरणाचं पाणी आत शिरलंय ना?"

गावात सगळे तसंच म्हणतात. धरण भरलं की रान चिबडतं, धरण उतरलं की रान सुटतं, म्हणजे धरणाचंच पाणी. मीही ते ऐकत मोठा झालो. पण दोन वर्षांपूर्वी मी आमच्या आणि दादांच्या बांधालगत, उताराच्या रेषेत तीन नळ्या पुरल्या. साधा दोन इंची पीव्हीसी पाईप, सहा फूट लांब, खालच्या चार फुटांत करवतीनं बारीक खाचा, बाहेरनं जुन्या सुती कापडाचा वेढा, बाजूनं वाळू, वरच्या फूटभरात चिखल दाबून बंद, तोंडाला टोपण. एक वर, जिथं शेजाऱ्याचा ऊस संपतो. एक मधे. एक खाली, पाण्याच्या बाजूला. दर रविवारी दोरीला खिळा बांधून आत सोडायचा आणि पाणी किती खोल लागतं ते वहीत लिहायचं. शेजारी त्याच दिवसाची उजनीची टक्केवारी. तिन्ही जागांची उंची मोजायला गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी आणली. हजार रुपयांच्या आत काम झालं.

धरण शंभर टक्के असताना जे दिसलं ते असं. खालच्या नळीजवळची जमीन धरणाच्या पाण्यापेक्षा तीन फूट उंच आणि नळीतलं पाणी जमिनीखाली दीड फुटावर. म्हणजे ते धरणाच्या पाण्यापेक्षा दीड फूट वर आहे. मधल्या नळीजवळ जमीन सहा फूट उंच, पाणी दोन फूट खोल, म्हणजे धरणापेक्षा चार फूट वर. वरच्या नळीत जमीन दहा फूट उंच, पाणी तीन फुटांवर, म्हणजे सात फूट वर.

पाणी चढावर चालत नाही. जमिनीखालचं पाणी सात फुटांवरनं चार फुटांवर, चार फुटांवरनं दीड फुटावर, आणि तिथनं धरणाकडं असं उतरतंय. धरण भरलेलं असतानाही ते आमच्या रानातनं धरणाकडंच चाललंय. धरण आत शिरत नाही. धरण फक्त बाहेर जायची वाट अडवतंय, म्हणजे भरलेल्या रांजणाच्या तोंडाला हात लावल्यासारखं. आणि मातीच अशी की तिच्यातनं पाणी गोगलगाईच्या चालीनं सरकतं.

दुसरी नोंद त्याहून बोलकी. पुढच्या मार्चात धरण चांगलं उतरलं होतं, पाण्याची कड लांब गेली होती. तेव्हा शेजाऱ्यांनी वरच्या उसाला पाटानं मोकळं पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी वरची नळी फूटभर चढली, आठवड्यानं मधली. धरणाचा तिथं काहीही संबंध नव्हता.

हे सगळं आकड्यांत मांडत बसलो होतो तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा या पट्टीत शाळू यायचा. माणूस दिसायचा नाही एवढा."

आता बघा. उजनी पूर्ण झाली १९८० साली. वहिनी आल्या त्यानंतर सहा-सात वर्षांनी. म्हणजे धरण भरायला लागलं होतं, पाणी काठाला होतं, तरी या पट्टीत शाळू होत होता. शाळूला ओल लागते, पण पाय पाण्यात चालत नाहीत. धरणानंच रान बिघडवलं असतं तर तेव्हाच बिघडायला पाहिजे होतं. बिघडलं नंतर, जेव्हा फुगवट्यातनं मोटारी बसल्या, पाईपलाईनी माळापर्यंत गेल्या आणि वरच्या अंगाला सगळा ऊस झाला. आमच्याकडं पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास. उसाला पाटानं मोकळं पाणी द्यायचं म्हटलं तर वर्षाला २००० मिलिमीटरच्या पुढं सहज जातं. ज्या उतारानं पिढ्यान्‌पिढ्या ५०० रिचवले, त्यावर आपण वरनं चौपट ओतलं. ते कुठंतरी बाहेर येणारच, आणि ते येतं खालच्या माणसाच्या रानात.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. आज आपण जिला काठाची जमीन म्हणतो, ती मुळात काठाची नाहीच. खरी भीमाकाठची मळई पाण्याखाली गेली. आता जे काठावर आहे, ते पूर्वी नदीपासून बरंच वर, उताराच्या मधल्या टप्प्यावरचं रान होतं. तिथलं पाणी ओढ्यानं नदीला जायचं, ओढ्याला चांगला उतार होता. धरणानं ओढ्याचं तोंड बुडवलं. वरनं आलेला गाळ तोंडाशीच बसत गेला, बेशरम आणि पाणकणसानं ते गच्च झालं, आणि दोन्ही बाजूंनी एकेक सरी वाढवत लोकांनी ओढा निम्मा करून टाकला. आता धरण मायनसमध्ये गेलं तरी ओढ्याच्या तोंडाशी पाणी तुंबूनच असतं. म्हणजे आमच्या पट्टीला तीन अडचणी आहेत: वरनं येणारं पाणी, न हलणारी माती, आणि बंद झालेली मोरी. यातली माती आपल्याला बदलता येत नाही. बाकीच्या दोन्हींवर काम करता येतं.

आता नळ्या गाडण्याबद्दल. पुतण्याला मी हिशेब करायला लावला, कारण मी सांगून पटणार नव्हतं.

उजनीचा उपयुक्त साठा शून्य टक्के असतो तेव्हा पाणीपातळी समुद्रसपाटीपासून ४९१.०३ मीटर आणि शंभर टक्के होतो तेव्हा ४९६.८३ मीटर. फरक ५.८ मीटर, म्हणजे १९ फूट. पाणलोटाचा पसारा वरच्या अंगाला मोठा, म्हणून भरलेलं धरण एक फूट उतरायला सहा-सात टक्के पाणी जावं लागतं. निचऱ्याची नळी घालायची साडेतीन फूट खोल, त्याहून उथळ घातली तर उपयोग थोडा. खालच्या टोकाला आपली जमीन भरलेल्या धरणापेक्षा तीनच फूट उंच. म्हणजे नळीचं तोंड शंभर टक्के धरणाच्या अर्धा फूट खाली, पाण्यात. नळीला उतार द्यायचा तर आणखी खाली. आणि उजनी काय शंभरवर थांबत नाही, एकशेदहा टक्क्यांपर्यंत जाते.

मग ही नळी चालणार कधी? धरण नव्वदच्या खाली उतरल्यावर. साधारण वर्षी आवर्तनं सुटायला लागली की डिसेंबर-जानेवारीत. ऑगस्ट ते डिसेंबर, जेव्हा उसाच्या मुळीला सगळ्यात जास्त हवा पाहिजे आणि रानात सगळ्यात जास्त पाणी, नेमक्या त्याच पाच महिन्यांत नळीचं तोंड बुडलेलं. तोंडाशी विहीर काढून मोटारीनं पाणी उपसता येतं, तसं करतातही. पण एकट्यानं तीन एकरांसाठी रात्रीच्या लाईटवर ते चालवायचं म्हणजे धरणाच्या काठावर बसून धरणात पाणी उपसायचं. शिरोळला सामुदायिक काम आहे, मुख्य नळी लांब नेऊन नदीला किंवा ओढ्याला खालच्या पातळीवर सोडता येते. आपल्याकडं ती खालची पातळीच वर्षातले निम्मे दिवस पाण्याखाली.

पुतण्या गप्प बसला. मग म्हणाला, "मग गाळ टाकू की. फुकट मिळतोय. सहा इंच टाकला तर रान तेवढं वर येईल."

पोरगं हुशार आहे. मुद्दा अगदीच चुकीचा नाही, रान वर घेतलं तर मुळीला जागा मिळते. पण कशानं वर घेताय ते महत्त्वाचं. धरणाचा गाळ म्हणजे पाण्यानं वाहून आणलेली सगळ्यात बारीक माती. आमच्या रानात आधीच चिकणमाती निम्म्याहून जास्त. तिच्यावर आणखी बारीक चिकणमातीचा थर म्हणजे वरनं झाकण. वरचं पाणी वर तुंबणार, खालचं केशाकर्षणानं चढायचं थांबणार नाही. शिवाय तो टाकायला भरलेले हायवा रानात फिरणार. चिबड रानात एकदा भरलेला हायवा गेला की त्याच्या चाकाखाली जो तळवा आवळतो, तो दोन-तीन उन्हाळ्यांच्या भेगांनीही सुटत नाही.

तोच गाळ माळावरच्या मुरमाड रानाला अमृत आहे. तिथं पाणी टिकत नाही, खत टिकत नाही. तिथं दोन-तीन इंच पसरून मुरमात नीट मिसळला तर ओल धरायची ताकद वाढते. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ ला आली तेव्हापासून मी बघतोय, गाळ जवळच्या रानात पडतो कारण वाहतूक कमी लागते. आणि जवळचं रान म्हणजे आधीच भारी, काठचं. ज्याला पाहिजे तो माळावर, तीन-चार किलोमीटर लांब. माळवाल्यांनो, डिझेलचा खर्च चार जणांत वाटून घ्या, पण गाळ तुमच्याकडं न्या. आमच्याकडं नको.

उसाबद्दल दोन शब्द, कारण बहुतेकांचा गोंधळ इथंच आहे. या पट्टीत दर पावसाळ्याच्या शेवटी कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपण केवडा म्हणतो. दुकानदार हिराकस देतो, फवारलं की आठवड्यात हिरवं होतं, पंधरा दिवसांत परत पिवळं. रानात लोह कमी नाही. खड्ड्यात बघितलं ना, ते विरघळून गंजतंय एवढं आहे. चुनखडीच्या ओल्या रानात हवा कोंडली की बायकार्बोनेट वाढतं आणि मुळीला लोह घेता येत नाही. फवारणी पान रंगवते, मूळ तसंच गुदमरलेलं. युरियाचंही तसंच. पाणी तुंबलेल्या रानात टाकलेल्या युरियाचं आधी नायट्रेट झालं असेल तर हवा नसल्यावर जिवाणू त्याचा वायू करून उडवून देतात. पोतं टाकलं, पीक उठलं नाही, म्हणून दुसरं पोतं टाकलं, हे आपल्याकडं सगळ्यांच्या वहीत सापडेल. पाणी उतरेपर्यंत थांबा, नंतर थोडं थोडं द्या.

कागदावर मातीचा सामू ८.६ आलाय आणि खाली शिफारस जिप्समची. जिप्सम चांगलं आहे, पण ते मातीला चिकटलेला सोडियम सोडवून पाण्यात आणतं. ते पाणी खाली निघून गेलं तर फायदा. खाली जायला वाटच नसेल तर उन्हाळ्यात तोच सोडियम पाण्याबरोबर परत वर येतो. फेब्रुवारी-मार्चला आमच्या खालच्या पट्टीवर पांढरी फुटते ती अशीच. पाणी दोन-तीन फुटांवर उभं, ऊन कडक, माती दिवसभर वातीसारखं पाणी वर ओढते, पाणी उडून जातं आणि मीठ राहतं. म्हणून जिप्समची पोती यंदा आणलेली नाहीत. आधी वाट, मग जिप्सम.

बसून, भांडून, दोनदा रान फिरून जे ठरलं ते असं.

वरच्या बांधाला, जिथं उतार मोडतो आणि शेजाऱ्याचं पाणी आमच्यात शिरतं, तिथं अडवा चर काढायचा. पाच फूट खोल, कडा तिरक्या, कारण उभ्या कडेची काळी माती पहिल्या पावसात ढासळते. बाजूच्या ओढ्याला त्याचं तोंड. तिथं जमीन धरणापेक्षा दहा फूट उंच आहे, त्यामुळं चराचा तळ भरलेल्या धरणाच्याही पाच फूट वर राहतो. म्हणजे तो बाराही महिने वाहील. नळ्या घालायच्याच असतील तर त्या चरात घालू, खडी-मुरूम भरून वरनं बुजवता येईल, वाट मोडणार नाही. खालच्या पट्टीत नाही.

ओढ्याचं तोंड उन्हाळ्यात पाणी लांब गेलं की मोकळं करायचं. हे एकट्याचं काम नाही, सात-आठ जणांची रानं त्यावर आहेत. चौघे तयार आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनस साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती, तेव्हा ते तोंड कोरडं ठणठणीत पडलेलं सगळ्यांनी बघितलं. त्या महिन्यात सगळ्यांच्या मोटारी पाण्यामागं धावत होत्या, कोणाला ओढा सुचणार.

वरची दीड एकर ऊस, पण रुंद गादीवर. चार-पाच फुटांची गादी, मधे खोल सरी, सरीचं तोंड खाली मोकळं. बाहेरनं गाळ आणून रान वर घेण्यापेक्षा सरीतली स्वतःचीच माती गादीवर टाकली की मुळीला फूटभर कोरडी जागा जास्त मिळते. आणि आडसाली नाही, सुरू. जानेवारीत लावला तर पाणी चढायला लागेपर्यंत ऊस सहा-सात महिन्यांचा होतो, मुळी पक्की झालेली असते. आडसालीचं कोवळं डोळं पाण्याच्या तोंडी देण्यात अर्थ नाही. पुतण्याला हे पटायला वेळ लागला, कारण आडसालीचा उतारा जास्त. जास्त असतो, पण चांगल्या रानात.

खालच्या दीड एकरात ऊस नाहीच. पावसाळ्यात धैंचा. ताग नको, तागाला तुंबलेलं पाणी सोसत नाही, धैंचा सोसतो, थोडं मीठही सोसतो. पाणी उतरलं की तो गाडायचा आणि वाफसा आला की कडवळ किंवा चारा मका. घरी आठ म्हशी आहेत, वैरण विकत आणतोय. वहिनींनी तिथल्या तिथं हिशेब केला की वर्षाची निम्मी वैरण घरची होईल. पुतण्याच्या चार लाखांतले निम्मेही यात जात नाहीत. उरलेल्यातनं गोठा नीट करायचं म्हणतोय.

वाफशाचं मात्र त्याला शिकावं लागणार आहे. या मातीत वाफसा तीन-चार दिवसांचाच असतो. त्याच्या आधी शिरलात तर फाळाखाली माती कापली जाते, चकाकते, आणि वाळल्यावर विटा होतात. त्याच्या नंतर शिरलात तर ट्रॅक्टर नाचतो. मूठभर माती नांगराच्या खोलीवरनं काढायची, वरची नाही. तळहातावर वळून बघायची. शेंगदाण्याच्या दाण्याएवढी जाड वळी न तुटता वळली तर थांबायचं. वळता वळता तुटली की घालायचा नांगर. वरची चार बोटं वाळून पांढरी पडलेली असतात आणि खाली लोणी असतं, त्यामुळं फसगत होते. भाड्याचा ट्रॅक्टर आज मिळतोय म्हणून आज नांगरायचं, ही सवय या रानात चालत नाही.

पहिल्या पावसाबद्दलही सांगून ठेवतो, कारण वहीत ते दरवर्षी दिसतं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाला रान वरनं तहानलेलं दिसतं आणि नळीतलं पाणी मात्र एका रात्रीत चढलेलं असतं. पाणी भेगांतनं थेट तीन फूट खाली जातं. वरची माती भिजायच्या आधी खालची भरते. नंतर माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग तासाला काही मिलिमीटरही आत जात नाही, सगळं वर उभं राहतं. म्हणून उन्हाळ्यात वरनं हलकी कुळवणी करून भेगांची तोंडं बुजवलेली बरी. दादा हे पूर्वीपासून करायचे. कारण विचारलं तर "रान झाकायचं असतं" एवढंच सांगायचे.

राहिला वरचा शेजारी. त्यांच्याकडं आम्ही तिघं गेलो होतो, वही घेऊन. भांडायला नाही. त्यांना मार्चच्या नोंदी दाखवल्या. तुमचं पाणी वाया जातंय, आमचं रान जातंय, ठिबक केलं तर दोघांचं भलं आहे, असं बोललो. अनुदानाचे अर्ज भरायला पुतण्या मदत करतो म्हणाला, त्याला ते ऑनलाईनचं जमतं. शेजारी म्हणाले, "बघू, हा खोडवा तुटू दे." नाही म्हणाले नाहीत, एवढ्यावर समाधान मानून आलो. चर मात्र त्यांच्या होकाराची वाट बघणार नाही, तो आमच्या हद्दीत आहे.

करमाळा आणि कर्जतच्या बाजूला पलीकडच्या काठावर कोणी अशा नळ्या पुरल्या असतील, तर तुमचे आकडे आणि त्या दिवसाची टक्केवारी इथं लिहा. तुमच्याकडं उतार वेगळा, वरचं पीक वेगळं. काही ठिकाणी खरंच धरणाची पातळी नळीतल्या पाण्यापेक्षा वर असू शकेल, आणि तसं असेल तर अडव्या चराचा उपयोग होणार नाही, दुसरा विचार करावा लागेल. नळी न पुरता नुसतं सांगू नका मात्र.

आज सकाळची नोंद: खालची नळी एक फूट आठ इंच, मधली दोन फूट एक इंच, वरची दोन फूट दहा इंच. धरण अजून भरलेलं आहे. चराची आखणी रविवारी, जेसीबी वाफसा बघून.